टॉर्शन बारचा पीळ

रविवार, रात्री उशिरा

आमची पिकअप, टाटा झेनॉन, आज पुन्हा चारही चाकांवर उभी राहिली. पुढून जवळजवळ सगळं नवं: दोन्ही बाजूंचे बॉल जॉइंट (चाकाकडचे गोळीचे सांधे), टाय रॉड एंड (स्टीअरिंगच्या दांड्यांची टोकं), चाक चासीला धरणाऱ्या वरच्या-खालच्या आर्मचे बुश (सांध्यातली रबरी नळकांडी), स्टॅबिलायझरच्या लिंक. शॉकअब, म्हणजे शॉक अॅब्सॉर्बर, मात्र जुनेच आहेत, आणि एवढा खर्च करून ते का नाही बदलले म्हणून घरापासून धायरीच्या शेडपर्यंत प्रत्येकाने मला वेड्यात काढलंय.

पाबे घाट उतरताना ब्रेक दाबला की डावीकडून 'ठक्' व्हायचं. आपल्याकडे पुढून आवाज आला की निदान ठरलेलं असतं, शॉकअब गेले. पण तेलाची गळती नव्हती, बंपर दाबून सोडला की गाडी एका झोक्यात थांबत होती. मग जॅक लावून चाक वर-खाली धरून हलवलं. खेळ होता. हिला ब्रेक दाबून धरायला सांगितलं, तरी खेळ तेवढाच. बेअरिंग ढिलं असतं तर ब्रेक लागल्यावर हब जखडून खेळ गेला असता. गेला नाही, म्हणजे बॉल जॉइंट. आणि आवाजाचं मूळ त्याच्याही मागे, खालच्या आर्मच्या बुशमध्ये. रबर त्याच्या लोखंडी स्लीव्हपासून सुटलं होतं. ब्रेक लागला की चाक मागे ओढलं जातं, चाकामागून आर्मही तेवढ्या फटीत सरकते आणि लोखंडावर लोखंड आपटतं. शॉकअबचा यात काय दोष?

फोर बाय फोरला पुढच्या चाकांकडे एक्सल जातो, त्यामुळे नेमकी कॉइल स्प्रिंगची जागा अडते. या गाडीला तिथे टॉर्शन बार आहे. चासीच्या कडेने मागे गेलेली साधी सळई, एक टोक आर्मला, दुसरं चासीत अडकवलेलं. चाक वर गेलं की सळईला पीळ बसतो, तोच स्प्रिंग. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही म्हणतात, याचा मात्र मागचा बोल्ट ढिला करत गेलं की मुकाट जातो. त्याआधी बारच्या टोकांच्या दातांवर पांढऱ्या रंगाने खुणा केल्या, हबच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतची उंची टेपने मोजून घेतली आणि डावा-उजवा बार वेगवेगळा बांधून ठेवला. ते अदलाबदल करून चालत नाहीत, कारण प्रत्येकाला एकाच दिशेने पीळ घ्यायची सवय लावलेली असते. पक्कड लावून ओरबाडायचेही नाहीत. पिळाचा सगळ्यांत जास्त ताण पृष्ठभागावर येतो, आणि चरा पडला की तड तिथूनच सुरू होते.

बॉल जॉइंट काढायला शेडमधल्या पोराने फाटा (सांध्यात ठोकायची दोन टोकांची पाचर) आणला होता. मी नको म्हटलं, रबरी बूट फाटतो. नकलच्या (चाकाचा हब धरणाऱ्या भागाच्या) डोळ्यावर समोरासमोर दोन हातोडे एकदम मारले की टेपर, म्हणजे जॉइंटची निमुळती दांडी, आपोआप सुटतो. जुने बुश मित्राच्या प्रेसवर निघाले. एक इतका गंजला होता की शेवटी कापावाच लागला.

बुश नाना पेठेतून आणले. दुकानदार पॉलीयुरेथेनचे घ्या म्हणाला, "शेठ, आयुष्यभर बघायला नको." असतीलही टिकाऊ. पण ते कडक असतात, ग्रीस मागतात, आणि वेल्ह्याकडच्या शेतावर भाताची रोपं नेणाऱ्या गाडीला रेसिंगचं सामान कशाला? रबरच घेतलं.

खरा वाद झाला तो आवळण्यावरून. शेडमधले मामा या कामातले जुने. गाडी घोड्यांवर (जॅक स्टँडवर), चाकं लोंबकळत, आणि त्यांनी आर्मच्या बोल्टला पाना लावला. मी म्हटलं, "मामा, आत्ता नुसते लावून ठेवू. गाडी खाली घेतल्यावर आवळू."

"अहो दादा, जन्म गेला वर असतानाच आवळण्यात. खाली घेतल्यावर आत हात तरी जातो का?"

हात कसा जातो ते मला माहीत होतं, कसाबसा. पण या बुशचं रबर आतल्या आणि बाहेरच्या दोन्ही स्लीव्हला चिकटवलेलं असतं. ते फिरत नाही, पिळतं. चाक लोंबकळत असताना बोल्ट घट्ट केला तर तीच त्याची आरामाची जागा ठरते, आणि गाडी जमिनीवर आली की रबर कायमचं पिळलेलं राहतं. मग काही महिन्यांत फाटतं आणि आपण म्हणतो, हल्ली पार्ट डुप्लिकेट येतात. नाना पेठेला मिळणाऱ्या शिव्यांपैकी निम्म्या तरी अशा पान्याच्या असाव्यात.

शेवटी गाडी खाली घेतली, टायर मोकळे व्हावेत म्हणून दोन-चार हात पुढेमागे ढकलली, टेपवरची जुनी उंची मागच्या बोल्टने जुळवली आणि मी पुठ्ठ्यावर झोपून खाली शिरलो. मामा चहा घेऊन बाजूला उभे. टॉर्क रेंचचा (ठरलेला जोर आला की वाजणाऱ्या पान्याचा) 'टक्' आला की दरवेळी "झालं का पुस्तक?" पुढच्या गाडीला ते असं करतील असं वाटत नाही.

जाता जाता पोराने विचारलं, बार अजून फिरवून पुढून दोन इंच उचलू का, लूक येईल. नाही रे बाबा. बोल्ट फिरवून फक्त उंची वाढते, स्प्रिंग कडक होत नाही. कडकपणा सळईच्या जाडीत असतो, आणि तो जाडीच्या चौथ्या घाताने वाढतो: व्यास १० टक्के वाढवला तर कडकपणा सुमारे ४६ टक्के. उंची वाढवली की सीव्ही जॉइंट (एक्सलचे सांधे) आणि नवे बॉल जॉइंट कायम तिरके चालणार, आणि खड्ड्यात चाक खाली जायला जागाच उरणार नाही.

उद्या अलाइनमेंट. नुसता टो (चाकं आत-बाहेर किती वळलीत) बघून सोडतात, कॅम्बर-कास्टरसाठी (बाकीच्या कलांसाठी) मागे लागावं लागतं. मागचे पाटे (पट्ट्यांच्या स्प्रिंग) दिवाळीनंतर.