वाडीचा संच गप्प झाला तर पायथ्याला कळलं पाहिजे

३० जुलै २०१४ ला माळीण दरडीखाली गेलं, ते बाहेर कळलं एसटीच्या चालकामुळे. १९ जुलै २०२३ च्या रात्री इर्शाळवाडीवर दरड कोसळली. तिथे गाडीरस्ता नव्हता, मदतीची माणसं अंधारात, पावसात डोंगर चढून गेली. अशा वाड्यांसाठी लोरा रेडिओचे, म्हणजे कमी विजेवर लांबपर्यंत छोटे निरोप पोचवणारे संच मनापासून बसवण्यासारखे आहेत. सिमकार्ड नको, टॉवर नको. एका संचाने सोडलेला निरोप दुसरा पकडतो आणि पुढे देतो, असं करत तो पायथ्याच्या गावात पोचतो.

आपल्याकडे ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झचा पट्टा यासाठी खुला आहे. वापराचा वेगळा परवाना लागत नाही, संच मात्र मान्यताप्राप्त हवा. ताकद १ वॅटपर्यंत, लहरीची रुंदी २०० किलोहर्ट्झपर्यंत. मेशटॅस्टिक या संच चालवणाऱ्या मोफत सॉफ्टवेअरमधली नेहमीची सेटिंग २५० किलोहर्ट्झची असते, ती बदलून १२५ वाली घ्यावी. अँटेनाही ८६६ चीच हवी. बाजारात ४३३ आणि ९१५ च्या सर्रास मिळतात, दिसायला सारख्याच. आणि अँटेना न लावता संच कधीही चालू करू नका, प्रक्षेपणाची चिप जळू शकते.

खरी परीक्षा आषाढात. आठ-आठ दिवस ऊन नसतं, म्हणून हिशोब सौर पॅनेलचा नाही, बॅटरीचा करायचा. ३००० मिलिअँपिअर-तासाचे चार १८६५० सेल (बोटाएवढे लिथियम सेल) समांतर जोडले तर १२००० होतात, त्यातले ८० टक्के वापरायचे. संचाचा मेंदू म्हणजे त्यातला बोर्ड. वायफाय-ब्लूटूथ चालू असलेला ईएसपी३२ जातीचा बोर्ड १०० मिलिअँपिअरच्या आसपास खातो, म्हणजे चार दिवसांत कारभार आटोपला. एनआरएफ५२ जातीचा बोर्ड १२-१५ वर भागवतो. तेच सेल चार आठवड्यांच्या आसपास पुरतात. डोंगरावर दुसराच न्यावा, पहिला स्वस्त मिळाला तरी.

संच सोंडेवर, जिथून वाडी आणि पायथा दोन्ही दिसतात तिथे. मध्ये ओली गच्च झाडी आली की लहर मरते. अँटेना उंच न्यायची म्हणून पाच मीटर आरजी-५८ ही बारीक अँटेना-केबल ओढली, तर निम्मी ताकद केबलच गिळते. त्यापेक्षा अख्खी पेटीच खांबावर चढवा. केबलची भोकं पेटीच्या तळाला पाडा, केबलला खाली झोळ द्या म्हणजे पाणी तिथेच ठिबकेल, आणि जोडावर स्वतःला चिकटणारी रबरी टेप ताणून गुंडाळा. भोकं जाळीने किंवा सीलंटने बुजवा. मुंग्या आत अंडी घालतात.

मराठीत लिहिणाऱ्यांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. एका निरोपात साधारण २०० बाइट मावतात आणि देवनागरीचं प्रत्येक चिन्ह, काना-मात्रासुद्धा, तीन बाइट घेतं. ६५-६६ चिन्हांत निरोप संपतो. असा भरलेला निरोप १२५ च्या सेटिंगवर सहा-सात सेकंद हवा अडवतो. नुसता आकडा सव्वा सेकंदात जातो. म्हणून आकडे ठरवा: १ सगळे ठीक, २ जमिनीला भेगा, ३ झऱ्याचं पाणी गढूळ, ४ वाडी सोडतोय, ५ जखमी आहेत. हा तक्ता ऑइलपेंटने शाळेच्या भिंतीवर लिहावा.

पण दरड रात्री आली तर आकडा दाबायला कुणी उरेलच असं नाही. म्हणून वाडीतला संच दर अर्ध्या तासाला आपोआप हजेरी देईल असा लावा आणि सोंडेवरच्या संचाचीही हजेरी घ्या. दोन्ही गप्प झाले तर बहुधा सोंडेवरची बॅटरी किंवा अँटेना. सोंडेवरचा बोलतोय आणि वाडीचा सलग दोनदा गप्प, तर पायथ्याच्या माणसाने सकाळची वाट न पाहता तहसीलच्या नियंत्रण कक्षाला फोन लावायचा. बॅटरी उतरली असेल, तरीही लावायचा. त्या फोनसाठी पायथ्याला दोन माणसं नेमा, एक गावाला गेला तर दुसरा जागेवर असतो. त्यांची नावं तक्त्याखालीच लिहा.