पेटी विकली, पण पाठवताना घाम फुटला

जुनी पेटी, म्हणजे हार्मोनियम, घ्यायची, नीट करायची आणि ऑनलाइन विकायची, हा उद्योग मी गेल्या वर्षी सुरू केला. या सगळ्यात सर्वात अवघड काय, असं कुणी विचारलं तर मी डोळे झाकून सांगेन: कुरिअरचा काउंटर.

पेटी मिळाली पुण्याच्या जुन्या बाजारात, रविवारी, साडेचार हजारांत. विकणाऱ्याच्या लेखी ती नुसती लाकडी पेटीच होती. उघडली तर भात्याच्या घडीत उंदराने कुरतडलेलं भोक, पट्ट्यांखालच्या बनातीला (जाड लोकरी कापडाला) कसर आणि कोपऱ्यात अक्षतांचे चार दाणे. म्हणजे देवघराजवळ बसून बरीच वर्षं वाजलेली असणार. सूर मात्र खणखणीत होते. डबल लाइन, खर्ज-नर, म्हणजे प्रत्येक पट्टीला एक खालचा आणि एक मधला असे दोन सूर. दुरुस्तीचे बावीसशे गेले. जाहिरात टाकली आणि चौथ्या दिवशी तेरा हजारांना बंगळूरच्या एका गृहस्थांनी घेतली, मुलीच्या शिकवणीसाठी. पैसे लगेच आले. (त्याआधी एकाने ‘पैसे पाठवतो, क्यूआर स्कॅन करून पिन टाका’ म्हणून फोन केला होता. पैसे घ्यायला पिन लागत नाही, एवढं कायम लक्षात ठेवा.) तेरा हजार वजा पंचेचाळीसशे वजा बावीसशे, पाठवणीचा खर्च सोडला तर सहा हजार तीनशे नफा. मी मनात दुसरी पेटी घेऊनही टाकली होती.

मग रिक्षात पेटी घालून काउंटरवर गेले. तिथला माणूस म्हणाला, “बिल?”

“जुनी आहे हो, वापरलेली. बिल कुठून आणू?”

“जीएसटी बिल नसेल तर माल जात नाही.”

परत. घरी येऊन चौकशी केली, तर खाजगी वापरातल्या जुन्या वस्तूला बिलाऐवजी स्वतःच्या सहीचं पत्र चालतं असं समजलं. वस्तू काय, किंमत किती, पाठवणारा कोण, घेणारा कोण. दुसऱ्या दिवशी ते लिहून, ओळखपत्राची झेरॉक्स जोडून गेले. आता तो म्हणाला, “पॅकिंग असं चालणार नाही, लाकडी क्रेट करा.” हे काल का सांगितलं नाही, ते विचारलं तर “काल तुम्ही विचारलं नाही.” क्रेटचे नऊशे.

तिसऱ्या खेपेला त्याने टेप काढून क्रेट मोजला. पंच्याहत्तर बाय पंचेचाळीस बाय चाळीस सेंटिमीटर. गुणाकार करून पाच हजारांनी भागलं, आले सत्तावीस किलो. काट्यावर वजन चौदा! पण पैसे आकारमानाच्या वजनाचे, किलोला ऐंशी रुपये, म्हणजे एकवीसशे साठ. मी चौदाचा हिशेब धरून गिऱ्हाइकाला किंमत सांगितली होती. आता कुठल्या तोंडाने वाढवून मागणार?

आणि एवढं करून सहा दिवस पार्सल जागचं हललंच नाही. मोबाइलवर रोज तेच, ‘होल्ड’. जुलै महिना, बाहेर धो धो पाऊस, आणि माझी पेटी कुठल्यातरी गोदामात. ओलीने पट्ट्या फुगतात, कातडं सुटतं, या विचाराने रात्री जाग यायची. हेल्पलाइनवर दर वेळी नवीन मुलगी, नवीन तक्रार क्रमांक. शेवटी पुन्हा काउंटरवर जाऊन उभी राहिले. त्याने ड्रॉवर उघडला, जेवणाचा डबा बाजूला केला, आणि खाली माझं पत्र! पार्सलला चिकटवायचं राहिलं होतं. “चुकून राहिलं असेल,” म्हणाला. असेल? मी तिथेच उभं राहून त्याला ते गोदामाला पाठवायला लावलं. क्रेट आणि कुरिअरचे जाऊन, रिक्षाभाडं न धरता, हातात राहिले तीन हजार दोनशे चाळीस.

पाठवायची असेल तर भात्याची कडी घाला, सगळ्या खुंट्या (स्टॉप) आत ढकला, कपलर (एका पट्टीबरोबर दुसऱ्या सप्तकातली पट्टीही दाबणारी सोय) बंद, आणि पट्ट्यांवर स्पंज ठेवून झाकण लावा. क्रेट बंद करायच्या आधी वाजवतानाचा व्हिडिओ काढून ठेवा. हो, आणि घेताना बघायचं हे: एकही पट्टी न दाबता भाता मारायचा. एखादा सूर आपोआप गुणगुणला तर स्प्रिंग ढिली किंवा खालची बनात गेलेली. ते स्वस्तात सुटतं. पण भाता भरताच फुस्स झाला तर भाव पाडून मागायचा. किंमत ठरवण्याआधी क्रेटचं माप घ्या, हे वेगळं सांगायला नको.

पेटी पोचली. त्या गृहस्थांनी फोनवर सूर वाजवून ऐकवले, मंद्रातला, म्हणजे खालच्या सप्तकातला, पंचम किंचित भरडा लागत होता. बाकी ठीक.

ऑक्टोबरमध्ये दुसरी पेटी पाठवायला गेले तेव्हा पत्राच्या तीन प्रती घेतल्या होत्या. काउंटरवर नवा मुलगा होता. एकही न बघता त्याने पावती फाडून दिली.