कूलरमधले कांदे

आमच्या नवी मुंबईतल्या नेरुळच्या घरात एक कूलर आहे आणि त्यात सध्या साडेतीन किलो कांदे आहेत. खालच्या टाकीत बटाटे. ही गोष्ट अकोल्यात कळू द्यायची नाही, असं आम्हा तिघींमध्ये ठरलंय.

मी अकोल्याची. बाकीच्या दोघींपैकी एक चिपळूणची, एक कोल्हापूरची. राहायला आल्यावर पहिल्याच आठवड्यात फोनमध्ये नंबर सेव्ह करताना नावापुढे गाव टाकलं होतं. पुढे नाव गळालं, गाव राहिलं. आता हाकाही त्याच. "अकोला, दूध आत ठेव." "कोल्हापूर, लाइटबिल भरलंस का?" नवीन माणूस घरात आला की त्याला वाटतं, आत कुणी एसटीची घोषणा करतंय.

तर कूलर. घरमालक काकांनी एसीला आधीच नाही म्हटलेलं. बिल्डिंग हे शहर वसवणाऱ्या सिडकोच्या जुन्या काळातली, वायरिंग त्याहून जुनं. हे मी मागच्या वर्षी मार्चमध्ये बाबांना फोनवर सांगितलं, म्हणजे सहज, तक्रार म्हणूनसुद्धा नाही. चौथ्या दिवशी ट्रॅव्हल्सवाल्याचा फोन: मॅडम, डिकीत कूलर आहे, उतरवून घ्यायला या. पहाटे साडेपाचला हायवेवर मी आणि कोल्हापूर, मध्ये गोणपाटात गुंडाळलेला कूलर, आणि एकही रिक्षावाला थांबायला तयार नाही.

बाबांचं चुकलं असं मी अजूनही म्हणणार नाही. अकोल्यात होळी झाली की माळ्यावरून कूलर उतरतो, नव्या ताट्या, म्हणजे बाजूंचे गवताचे पडदे, बसतात, पहिल्यांदा पाणी सोडल्यावर घरभर खसचा ओला वास सुटतो, आणि मग बाहेर ४४-४५ असलं तरी आत माणूस दुपारी चादर ओढून झोपतो. आमच्याकडे उन्हाळा म्हणजे बारा ते पाच दारं लावून घ्यायची आणि कूलरसमोरची जागा कुणाची यावर भांडायचं. मी तशीच वाढले. त्यामुळे नेरुळला खिडकीत कूलर बसवून बटण दाबलं तेव्हा मला अक्षरशः माहेरी आल्यासारखं वाटलं. साधारण वीस मिनिटं.

मग सगळं चिकट व्हायला लागलं.

कूलरचं गणित साधं आहे. ताट्यांवरून पाणी ओघळतं, पंखा बाहेरची कोरडी हवा त्यातून ओढतो, पाण्याची वाफ होते आणि वाफ व्हायला लागणारी उष्णता त्या हवेतूनच जाते. म्हणून हवा गार. पण त्यासाठी हवा तहानलेली पाहिजे. अकोल्याची असते. नेरुळची हवा खाडीवरून पोटभर पाणी पिऊन आलेली; ती आणखी काय पिणार? आमचा कूलर हवा गार न करता नुसती ओली करून आत सोडत होता. तिसऱ्या दिवशी भिंतीवरच्या कॅलेंडरची टोकं वळली. मिठाच्या बरणीत चमचा उभा राहिला. आईने पाठवलेल्या कुरडया सादळल्या, तेलात टाकल्या तर फुलेचनात. चिपळूणने खोलीभर नजर फिरवली आणि म्हणाली, "अगं, हे तर आमचं जुलैतलं घर झालं."

आईला हे पटवणं अशक्य.

"कूलर लावला का वं?"

"लावला. गरमच होऊन राह्यलं."

"गरम कशानं होईन? पानी टाकलं का त्याच्यात?"

इथे तापमान ३५ च्या पुढे फारसं जात नाही हे ती बातम्यांत बघते, आणि लेक नाजूक झाली असा निष्कर्ष काढते. तिला कसं सांगू, की अकोल्यात घाम येतो तेव्हाच वाळतो, दिसतसुद्धा नाही. इथे तो आंघोळ करून बाहेर आल्या आल्या परत येतो आणि मुक्कामाला राहतो. घामाचं तत्त्वही कूलरचंच. तोही वाळला तरच गारवा.

दोन आठवड्यांनी कोल्हापूरने काही न बोलता ताट्या काढल्या, कूलर पुसला आणि त्यात कांदे भरले. तिन्ही बाजूंनी जाळी, खेळती हवा. खरं सांगायचं तर कांदे इतके टिकवणारी दुसरी वस्तू मी पाहिलेली नाही.

त्यानंतर घरात कायदा झाला: एक एप्रिलपासून पहिला पाऊस पडेपर्यंत गॅस दिवसाला पंधरा मिनिटं, तोही सकाळी सातच्या आत. स्वयंपाकघर म्हणजे दीड माणसाचं. त्यात भात शिजला की वाफ बेडरूमपर्यंत येते आणि रात्री दहालाही तिथेच असते. सकाळी एकच कुकर लागतो. खाली वरण, मध्ये भात, सगळ्यात वरच्या डब्यात दोन कैऱ्या. कैऱ्यांचा गर काढून त्यात दुप्पट गूळ, वेलची, चवीला मीठ घालून बरणी फ्रिजमध्ये. संध्याकाळी घरी येणाऱ्याने दोन चमचे गर ग्लासात घालायचा आणि गार पाणी ओतायचं. चपला काढायच्या आधी पन्हं पिणारी माणसं आहोत आम्ही.

रात्रीचं जेवण गॅसविना. माझ्याकडून तक्कू. इथे हा शब्द काढला की लोक हसतात, पण करून बघा: कैरी किसायची, तेवढाच कांदा किसायचा, गूळ, तिखट, मीठ, जिरेपूड, आणि सकाळच्या पंधरा मिनिटांतून चोरलेली मोहरी-हिंगाची फोडणी. वरून सांबार. म्हणजे कोथिंबीर. पहिल्या महिन्यात मी चिपळूणला "येताना दहा रुपयांचा सांबार आण" म्हटलं होतं आणि ती उडप्याकडून पिशवीत सांबार घेऊन आली होती, तेव्हापासून मी घरात दोन्ही शब्द म्हणते.

चिपळूणचे दडपे पोहे. पातळ पोहे, ओलं खोबरं, कांदा, मिरची, किसलेली कैरी. नारळ फोडताना निघालेलं पाणी त्यावरच शिंपडायचं आणि ताटली ठेवून वर वजन. आमच्याकडे वजन म्हणजे कोल्हापूरची स्पर्धा परीक्षेची पुस्तकं, त्यांचा तेवढाच उपयोग उरलाय असं तीच म्हणते. पंधरा मिनिटं दडपले की पोहे मऊ. कांदा थोडा जास्त घातला तर मला आवडतो. चिपळूणच्या मते तो गुन्हा आहे.

कोल्हापूर काही बनवत नाही. ती दहीभात कालवते आणि त्यावर घरच्या कांदा-लसूण मसाल्याचा एवढा थर देते की खालचा भात दिसू नये. पण तिने गावाहून नाचणीचं पीठ आणून आंबील करायला शिकवली. रात्री पीठ ताकात भिजवायचं, सकाळी शिजवायचं, गार झालं की पुन्हा ताक, ठेचलेला लसूण, मीठ. ऑफिसला जाताना ती बाटलीत भरून नेते आणि महापेच्या एसीत बसून सगळ्यांसमोर पिते. लोकांना वाटतं प्रोटीन शेक.

कायदा एकदाच मोडला. चिपळूणने सुका जवळा आणला होता. भाजून, धुऊन, कांदा-लसणावर परतून, कैरीच्या फोडी टाकून केला. मे महिना, रात्रीचे साडेआठ, सगळ्या खिडक्या उघड्या. वरच्या मजल्यावरच्या काकूंनी बेल वाजवली. आम्ही माफी मागायच्या तयारीत, आणि काकूंच्या हातात वाटी.

आंब्याचं लिहीत नाही, कारण भांडण मिटलेलं नाही. एवढंच सांगते, चिपळूण "हापूस म्हणजे रत्नागिरी" म्हणायला लागली की मी तिला आठवण करून देते: २०१८ मध्ये हापूसला भौगोलिक मानांकन मिळालं त्यात रत्नागिरी-सिंधुदुर्गाबरोबर रायगड, ठाणे आणि पालघरही आहेत. मग ती दिवसभर बोलत नाही. आणि रसाला आमचा गावठी आंबाच बरा, हे मी मनात म्हणते.

जेवण झालं की मात्र घरात कुणी थांबत नाही. हा माझ्यासाठी सगळ्यात मोठा बदल. अकोल्यात गारव्यासाठी आत जायचं, इथे बाहेर पडायचं. साडेनऊ वाजले की दोन स्कूट्या, तीन मुली, आणि पाम बीच रोडच्या कडेचं ज्वेल ऑफ नवी मुंबई. ही मुळात बाग नाहीच, धारण तलाव आहे. या शहराचा बराच भाग खाडी भरून, भरतीच्या पातळीच्याही खाली वसवलेला. भरतीच्या वेळी पाऊस पडला तर पाण्याने जायचं कुठे, म्हणून सिडकोने डच पद्धतीने हे तलाव केले. पाणी तिथे साठतं आणि ओहोटीला खाडीत सुटतं. उन्हाळ्यात तिथे साठतात माणसं. बाळाला पोटाशी बांधून चालणारे बाप, गुडघ्याच्या ऑपरेशनबद्दल बोलत चालणाऱ्या मावश्या, एकमेकांपासून मोजून दीड फूट अंतरावर बसलेली जोडपी. खाडीवरून वारा आला की सगळे एकदम गप्प होतात. कधी त्याला चिखलाचा वास असतो. चालतं. वॉचमन शिट्टी वाजवेपर्यंत आम्ही हलत नाही.

मग गोळा. मी कालाखट्टा, त्या दोघी दर वेळी नवीन काहीतरी घेतात आणि दर वेळी पस्तावतात. शनिवार असेल तर वाशीला भुर्जीपाव. तिथे रात्री बारालाही रांग असते आणि रांगेत हमखास ऑफिसमधलं कुणीतरी भेटतं, केस न विंचरलेलं. दिवसा ज्यांच्याशी फक्त मेलवर बोलतो, ती माणसं रात्री पावाला बटर लावून घेताना बरी वाटतात.

मागच्या वर्षीचं फ्लेमिंगो प्रकरण मात्र लिहिलंच पाहिजे. एप्रिलमध्ये कोल्हापूरने जाहीर केलं, आपल्याकडे रोहित पक्षी आहेत आणि आपण अजून पाहिले नाहीत, हे लाजिरवाणं आहे. रविवारी आम्ही सीवूड्सजवळच्या डीपीएस तलावावर गेलो. पाणी होतं, डास होते, कॅमेरे घेतलेले दोन हताश काका होते. पक्षी शून्य. पुढच्या रविवारी परत, परत शून्य.

चिपळूणने घरी फोन लावला. तिचे आजोबा पूर्वी होडीवर असायचे. ते हसायला लागले. म्हणाले, ओहोटीला गेलात तर कसे दिसतील? ओहोटीला खाडीचा चिखल उघडा पडतो, पक्षी तिकडे चरायला. भरतीला चिखल पाण्याखाली गेला की विसाव्याला तळ्यावर येतात. आणि भरती कधी हे बघायला मोबाइल कशाला? तिथीची पाऊणपट कर. अष्टमी असेल तर आठ पाऊणे सहा, म्हणजे साधारण सहाला भरती. भरती रोज पाऊण-एक तास पुढे सरकते, त्याचाच हा हिशेब.

घरात कालनिर्णय होतंच, कूलरने टोकं वळवलेलं. अष्टमी शोधली. ऑफिसमधून दोघी दाताच्या दुखण्याने, एक आजीच्या नावाने लवकर निघालो. सव्वासहाला तळ्यावर पोचलो तेव्हा पाण्यावर गुलाबी साय धरल्यासारखं दिसत होतं. आणि आवाज! मला वाटलं होतं एवढे देखणे पक्षी काहीतरी सुरेल बोलत असतील. बदकांच्या बाजारासारखा गलका. कोल्हापूर म्हणाली, "अगदी आमच्या भावकीसारखं चाललंय यांचं." अंधार पडेपर्यंत उभ्या राहिलो. चिपळूणने आजोबांना व्हिडिओ कॉल लावला, तर ते पक्षी सोडून आमच्यामागचं पाणी बघत म्हणाले, "अजून चढतंय. अर्धा तास आहे."

यंदा उन्हाळा मला तसा जड गेला नाही. उरणपर्यंत लोकल झाल्यापासून रविवारी संध्याकाळी नेरुळहून बसायचं, पिरवाडीच्या किनाऱ्यावर पाय ओले करायचे आणि रात्री परत, असं दोनदा झालं. परवा रात्री साडेअकराला आमच्या गल्लीचे दिवे गेले तर अख्खी बिल्डिंग खाली आली. वरच्या काकूंनी कलिंगड कापलं आणि पहाटे दोनपर्यंत कुणाला दिव्यांची आठवण नव्हती. वर गेले तेव्हा गादी तापलेली होती. मी फरशीवर झोपले. सकाळी आईला सांगितलं तर म्हणाली, "फरशीवर? अन् कूलर कायले हाय?"

काल बाबांचा फोन आला. विदर्भ एक्स्प्रेसचं तिकीट कन्फर्म झालंय, येत्या शुक्रवारी निघतायत, आठवडाभर राहणार. म्हणाले, दोन उन्हाळे झाले, आता ताट्या सडल्या असतील, मी येतानी नव्या घेऊन येतो. खसच्या.

कांदे कुठे हलवायचे यावर घरात चर्चा चालू आहे. बटाट्यांना कोंब आलेत, ते आज संपवतोय.