एक खिडकी, एक खुर्ची आणि काळी घोंगडी

सिनेमॅटोग्राफीची बाराखडी मी घरातल्या एकाच खोलीत गिरवली. खिडकीशेजारी एक खुर्ची, खुर्चीवर बसवायला घरातलं कोणी मोकळं असेल ते माणूस, आणि ५० एमएमची जुनी मॅन्युअल लेन्स लावलेला फुल-फ्रेम कॅमेरा. लेन्सांची खरेदी नंतर. आधी ऑटो बंद.

पहिलं शटर, म्हणजे प्रत्येक फ्रेमला प्रकाश किती वेळ आत येतो ते. सेकंदाला २५ फ्रेम्सना १/५० सेकंद, आणि मग त्याला हात लावायचा नाही. फ्रेमच्या निम्म्या वेळेपुरतं शटर उघडं राहिलं की हलणारा हात डोळ्याला दिसतो तसाच पुसट दिसतो. १/५०० केलं तर तोच हात तुटक, झटके मारत हलतो. दुसरं कारण विजेचं. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे ट्यूबलाइट सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होते. १/५० मध्ये तिचे बरोबर दोन ठोके मावतात. ३० फ्रेम्स आणि १/६० ठेवलं की दर फ्रेमला वेगळा प्रकाश मिळतो आणि भिंतीवर काळपट पट्टे सरकू लागतात. डिमर लावलेले स्वस्त एलईडी मात्र १/५० लाही दाद देत नाहीत, कारण त्यांची लुकलुक विजेची नसून डिमरची असते. डिमर पूर्ण वर करायचा आणि दिवा लांब न्यायचा.

मग व्हाइट बॅलन्स, म्हणजे कुठल्या उजेडाला पांढरं मानायचं ते. खिडकीच्या उजेडाला ५६०० केल्व्हिन (उजेडाच्या रंगाचं माप), पिवळ्या बल्बला ३०००च्या आसपास. ऑटोवर ठेवलं आणि मागून लाल साडी गेली, तर चेहरा चालू शॉटमध्ये हिरवट होऊ शकतो. एडिटला बसल्यावर हे निस्तरणं म्हणजे डोकेदुखी. त्यापेक्षा ५६०० लॉक करून बल्ब विझवलेला बरा.

एक्स्पोजरसाठी मी झेब्रा (जास्त उजळ भागावर कॅमेरा दाखवतो ते तिरके पट्टे) १०० वर ठेवतो. पट्टे खिडकीच्या काचेवर आले तर येऊ देत. कपाळावर आले की अ‍ॅपर्चर (लेन्समधलं प्रकाशाचं छिद्र) एक स्टॉप बंद, म्हणजे प्रकाश निम्मा.

सगळ्यात जास्त वेळ प्रकाशाला दिला, आणि तो द्यावाच. माणूस खिडकीला पाठ करून बसला तर नुसती काळी आकृती, तोंड करून बसला तर पासपोर्टचा फोटो. खिडकीकडे कूस करून बसवला की नाकाला आणि गालाला उंची येते. खिडकीपासून दोन फुटांवर चेहरा उजळतो आणि दहा फुटांवरची मागची भिंत आपोआप मंद पडते. तोच माणूस भिंतीला टेकवला तर दोन्ही सारखेच सपाट. अंधाऱ्या गालाच्या बाजूला थर्माकोल धरला की सावली मऊ होते. (सत्यजित राय यांच्या १९५६च्या ‘अपराजितो’ या चित्रपटासाठी कॅमेरामन सुब्रत मित्र यांनी स्टुडिओतल्या अंगणाच्या सेटवर पांढरं कापड ताणून दिवे त्यावर मारले, त्यामागेही हाच विचार.) आपल्या पांढऱ्या डिस्टेंपरच्या लहान खोल्यांत मात्र अडचण उलटी असते: चारी भिंती स्वतःच बाऊन्स देतात, म्हणजे प्रकाश परत फेकतात, आणि सावली पडतच नाही. तिथे थर्माकोल काढून त्याच जागी काळी घोंगडी टांगायची, फ्रेमच्या अगदी काठापर्यंत आणून. गालाची कड लगेच दिसू लागते.

बाहेर उन्हात गणित बदलतं. भर दुपारी आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) १०० आणि १/५० ला अ‍ॅपर्चर एफ २२ निघतं (आकडा जितका मोठा तितकं छिद्र लहान). मला हवं असतं एफ २.८, म्हणजे सहा स्टॉप कमी करायचे: एनडी ६४, म्हणजे प्रकाश ६४ पटीने कमी करणारा लेन्सपुढचा काळसर फिल्टर. शटर वाढवून वेळ मारून नेली की पुन्हा तो झटके मारणारा हात. बऱ्याच कॅमेऱ्यांत लॉग (नंतर रंग दुरुस्त करण्यासाठीचं फिकट रेकॉर्डिंग) लावलं की आयएसओ ८०० च्या खाली जात नाही, म्हणजे वर आणखी तीन स्टॉप. हे विसरूनच पुष्कळांचं आकाश पांढरं फटक येतं. स्वस्त व्हेरिएबल (फिरवून कमी-जास्त गडद होणारा) एनडी शेवटपर्यंत फिरवला तर चित्रावर काळी फुली उमटते, वाइड लेन्सवर जास्तच.

फोकस शेवटी. दोन मीटरवर एफ २.८ ला स्पष्ट भाग जेमतेम वीतभर, एफ ५.६ ला हातभर. चालत येणाऱ्या माणसासाठी जमिनीवर टेप लावायची आणि अंतर लेन्सच्या टोकापासून नाही, तर कॅमेऱ्यावर गोलातून रेघ गेलेली खूण असते तिथून मोजायचं. फोकस रिंगवर मास्किंग टेप चिकटवून त्यावर पेन्सिलीने १, २, ३ लिहायचं. नव्या ऑटोफोकस लेन्सवर या खुणा बहुधा टिकत नाहीत: रिंग भरभर फिरवली तर फोकस जास्त सरकतो, हळू फिरवली तर कमी. त्यासाठीच ती जुनी मॅन्युअल लेन्स.