चुकीचं आखलेलं मैदान सामन्याआधी कसं सावरतो : माझा अनुभव

विदर्भातल्या खेड्यात फुटबॉलचं मैदान म्हणजे शाळेचं पटांगण, नाहीतर पीक निघालेलं गावालगतचं वावर. खाली काळी माती आणि त्याच सकाळी घाईत मारलेली फक्की, म्हणजे रेषा आखायची पांढरी पूड. म्हणून रेफ्री म्हणून मी सामन्याच्या दीड तास आधी पोहोचतो. अर्धा वेळ मोजायला जातो, अर्धा दुरुस्तीला. पिशवीत ३० मीटरचा टेप, चार खुंट्या आणि ५.५, ९.१५, ११, १६.५ मीटरवर गाठी मारलेली नायलॉनची दोरी. सुतळी ओली झाली की आखडते आणि माप चुकतं.

पहिला हात गोलपोस्टला. दोन्ही हातांनी जोर लावून हलवतो. पाइपचा उचलून ठेवायचा गोल असेल तर मागच्या आडव्या पाइपवर रेतीची पोती हवीत आणि तो पाइप खुंट्यांना बांधलेला हवा. पोरं गोलच्या वरच्या आडव्या दांड्याला लोंबकळतात आणि असा गोल पुढे उलटला तर जीव जातो. “सर, आजवर कधी पडला नाही,” असं आयोजक म्हणतात. तरी गोल पक्का होईपर्यंत शिट्टी वाजत नाही, यात मी तडजोड करत नाही. मग आतून आत ७.३२ मीटर रुंदी आणि जमिनीपासून दांड्याच्या खालच्या कडेपर्यंत २.४४ मीटर उंची. उंची तीन ठिकाणी मोजायची, कारण बांबूचा दांडा मधोमध झोळ खातो आणि गोलकीपरच्या पायाखाली खड्डा पडलेला असतो. खड्ड्यात मुरूम टाकू देत नाही, त्यावर झेप घेणाऱ्याचं कोपर सोलून निघतं. बारीक माती, थोडं पाणी आणि धुमसाचे ठोके पुरतात. सामन्यात दांडा मोडला आणि दुरुस्त होत नसेल तर सामना तिथेच थांबवावा लागतो. दोरी ताणून पुढे खेळवता येत नाही.

सगळ्यात जास्त चुका पेनल्टी बॉक्समध्ये, म्हणजे गोलसमोरच्या मोठ्या आयतात सापडतात. ‘अठरा यार्डाचा बॉक्स’ म्हणून कोणीतरी अठरा पावलं टाकलेली असतात. शाळकरी पोराचं पाऊल पाऊण मीटरचं, म्हणजे बॉक्स साडेतेरा मीटरवर संपतो. खरं माप प्रत्येक पोस्टच्या आतल्या कडेपासून बाजूला १६.५ आणि मैदानात १६.५ मीटर. गोलच्या मध्यापासून मोजायचं तर दोन्हीकडे २०.१६, म्हणजे पूर्ण रुंदी ४०.३२. एवढं जुळूनही बॉक्स तिरपा असू शकतो, म्हणून दोन्ही कर्ण मोजतो. ते ४३.५७ मीटर भरायला हवेत. एक जास्त, एक कमी आला की कोपरा काटकोनात नाही. मग कोपऱ्यातून एका रेषेवर ३ मीटर, दुसरीवर ४ मीटर घ्यायचे आणि त्या दोन टोकांमधलं अंतर बरोबर ५ येईपर्यंत रेष सरकवायची. रेष ज्या भागाची हद्द, त्याच भागात मोजली जाते, म्हणून टेप नेहमी रेषेच्या बाहेरच्या कडेपर्यंत धरावा.

पेनल्टीचा ठिपका गोलरेषेच्या मागच्या कडेपासून ११ मीटर. बॉक्सवरची कमान मात्र अनेक ठिकाणी खुंटी बॉक्सच्या रेषेवर ठोकून अर्धं वर्तुळ फिरवून काढलेली असते. खुंटी ठिपक्यात हवी आणि दोरी ९.१५ ची. कमान बॉक्सच्या रेषेपुढे मधोमध ३.६५ मीटर गेली की काम बरोबर झालं. चुकीची रेष खराट्याने पुसल्याशिवाय नवी मारू नये, नाहीतर ऐन गर्दीत लाइन्समनला दोन रेषा दिसतात. कबड्डी-खोखोच्या जुन्या रेषाही तशाच पुसायच्या.

पूर्ण मैदानाची लांबी ९० ते १२० आणि रुंदी ४५ ते ९० मीटर चालते. लहान मुलांच्या स्पर्धेत आयोजकांनी नियमानुसार मैदान छोटं ठेवलं असेल तर माझी हरकत नसते. १०० बाय ६४ मीटरच्या मैदानाचे कर्ण ११८.७३ मीटर येतात आणि सगळ्या रेषा मिळून सुमारे ७०० मीटर होतात. फक्की कमी पडली तर आधी दोन्ही बॉक्स, मग गोलरेषा, मग बाकीचं. रेष १२ सेंटिमीटरपेक्षा रुंद नको. कुदळीने चर खणून रेष काढलेली असेल तर बुजवायला लावतो, त्यात घोटा मुरगळतो. कळीचा चुना तर अजिबात नको. ओल लागली की तो तापतो, कातडी भाजतो आणि डोळ्यात गेला तर दृष्टी जाऊ शकते. तो टाकलेला दिसला की वरची माती खरवडून मैदानाबाहेर काढायची आणि कामाला लागलेल्या पोरांनी त्याला हात लावायचा नाही.

उन्हाळ्याकडे काळ्या मातीला भेगा पडतात. चार बोटं शिरतील एवढी भेग मी बुजवून घेतो, मैदानभर तशाच असतील तर खेळवत नाही. गोटे, सराटे आणि बंडीच्या चाकोऱ्याही बघायच्या. पाऊस झाला असेल तर दोन्ही गोलसमोर आणि मधल्या वर्तुळात चेंडू छातीच्या उंचीवरून सोडतो. तो उसळलाच नाही आणि पायाने ढकलल्यावर पाण्यात अडकून राहिला, तर थांबायचं.

कोपऱ्यातले झेंडे किमान दीड मीटरचे, टोक बोथट. ताजा तोडलेला बांबू असेल तर टोकाला चिंधी गुंडाळली की झालं.

दुरुस्त न झालेलं जे उरतं ते दोन्ही कर्णधारांना प्रत्यक्ष जागेवर नेऊन दाखवतो. पावसाने रेष पुसली तरी ती तिथेच आहे असं धरून निर्णय होईल, हेही सांगतो. गोलकीपरांना एक वेगळी सूचना. गोलचा मध्य सापडावा म्हणून टाचेने मातीत रेघ ओढायची सवय असते, आणि त्याला पिवळं कार्ड आहे. सामन्यानंतर अहवालात ‘मैदान खराब’ एवढंच लिहीत नाही. कोणतं माप किती भरलं, कोणाला किती वाजता सांगितलं आणि काय दुरुस्त झालं, ते आकड्यांसह लिहितो.