थांबल्यानंतरचा पहिला शॉट

रायफलची पेटी टेबलावर ठेवतानाच त्या नेमबाज मुलीच्या प्रशिक्षकांनी मला सांगून टाकले, की रायफल ठीकच असणार, तरी एकदा पाहून घ्या, म्हणजे हिच्या मनातला संशय जाईल. आदल्या दिवशी १० मीटर एअर रायफलची स्पर्धा झाली होती. ६० शॉटच्या पात्रता फेरीत ती नववी आली होती, आणि अंतिम फेरीत आठच जण जातात. आठव्या नेमबाजात आणि तिच्यात ०.६ गुणांचा फरक होता. तिचे म्हणणे एवढेच होते, की काही शॉट विनाकारण वर जातात. प्रशिक्षकांच्या मते ते शॉट बहुतेक विश्रांतीनंतरचे होते. मध्ये थांबले की तिची एकाग्रता मोडते, सरावात हे थोडे दिसते आणि स्पर्धेत जास्त, म्हणून गेले तीन आठवडे तिला श्वासाचे व्यायाम दिले होते. ते बोलत असताना ती पेटीच्या कड्यांकडे पाहत उभी होती.

स्पर्धेच्या एअर रायफलींची देखभाल आणि दुरुस्ती हे माझे काम आहे, आणि "बहुधा मनाचा प्रश्न आहे" हे वाक्य मला वरचेवर ऐकायला मिळते. ते पुष्कळदा खरेही असते. या खेळात दहाचा ठिपका अवघ्या अर्ध्या मिलिमीटरचा असतो आणि दशांशांत मोजताना ०.१ गुण म्हणजे केंद्रापासून पाव मिलिमीटर. एवढ्या बारीक मापात नाडीचा ठोकाही दिसतो. म्हणून आधी माणूस बाजूला काढायचा आणि नुसत्या रायफलकडे पाहायचे, ही माझी नेहमीची पद्धत आहे.

मी रायफल पक्क्या शिकंजात बसवली, हवेचा सिलिंडर भरून घेतला आणि तिच्याच डबीतले छर्रे वापरून कागदावर दहा-दहा शॉटचे चार ग्रुप काढले. चारही ग्रुप उत्तम होते. दहा छर्‍यांचे मिळून एकच भोक पडत होते आणि त्याच्या कडाही फारशा विस्कटलेल्या नव्हत्या. नळी, नळीच्या तोंडाची कडा, नेम धरायची मागची साइट, साइटचे स्क्रू, लाकडी दस्त्यात रायफल घट्ट बसवणारे बोल्ट हे सगळे तपासले. कुठेही सैलपणा नव्हता. मी प्रशिक्षकांना कागद दाखवला आणि म्हटले, की मला तरी दोष दिसत नाही. त्यांनी मान डोलावली. तेव्हा ती पहिल्यांदा बोलली.

"सर, तुम्ही न थांबता मारलेत. मी मध्ये थांबते."

त्या वाक्याने मी पुन्हा खुर्चीवर बसलो. तिचे अगदी बरोबर होते. शिकंजातल्या रायफलला दम खायची गरज नसते, त्यामुळे मी वीस-पंचवीस सेकंदांना एक शॉट मारत होतो. ज्या परिस्थितीत दोष दिसतो असे ती सांगत होती, ती परिस्थिती माझ्या चाचणीत आलीच नव्हती, आणि तरीही मी निकाल देऊन मोकळा झालो होतो.

मी क्रोनोग्राफ लावला. छर्‍याचा वेग मोजणारे हे साधन प्रत्येक कार्यशाळेत असते, पण बहुतेक वेळा आपण त्यावर सलग दहा शॉट मारतो, सरासरी लिहितो आणि बंद करतो. सलग मारलेल्या दहा शॉटचा वेग सेकंदाला १७१ ते १७३ मीटर आला, म्हणजे या रायफलला हवा तसाच. मग घड्याळ लावून दोन मिनिटे थांबलो. पुढचा शॉट १७६. त्याच्या लगेच नंतरचा पुन्हा १७२. पाच मिनिटे थांबलो. १८१, आणि त्याच्या पाठचा १७२. योगायोग असू नये म्हणून हाच क्रम तीन वेळा केला, मध्ये सिलिंडर बदलून माझ्याकडचा लावून पाहिला. आकडे एक-दोन मीटरच्या फरकाने तेच आले. प्रशिक्षक खुर्ची ओढून माझ्याजवळ येऊन बसले होते.

सेकंदाला १७२ मीटर वेगाने छर्‍याला दहा मीटर जायला सुमारे ०.०५८ सेकंद लागतात आणि तेवढ्यात तो गुरुत्वाकर्षणाने साडेसोळा मिलिमीटरच्या आसपास खाली येतो. साइट या घसरणीचा हिशेब धरूनच लावलेली असते. वेग १८१ झाला तर छर्रा लवकर पोहोचतो आणि सुमारे दीड मिलिमीटर कमी खाली येतो, म्हणजेच तेवढा वर लागतो. दीड मिलिमीटर म्हणजे सहा दशांश. अगदी मधोमध सुटलेला १०.९ चा शॉट अशा वेळी १०.३ होतो, आणि नेमबाजाला मात्र ट्रिगर सुटला तेव्हा सगळे स्वच्छ दिसलेले असते. आपण पाहिलेले आणि पडद्यावर उमटलेले जुळेनासे झाले, की माणूस हळूहळू स्वतःवरचाच विश्वास गमावतो. तिच्याबाबतीत तीन आठवडे तेच चालले होते.

हे कसे घडते ते मी दोघांना कागदावर रेखाटून दाखवले. भरलेल्या सिलिंडरमध्ये २०० बारचा दाब असतो आणि प्रत्येक शॉटबरोबर तो थोडा थोडा उतरत जातो. छर्‍यामागे मात्र दर वेळी सारखाच दाब हवा, म्हणून मध्ये रेग्युलेटर असतो. त्यातला छोटा दट्ट्या स्प्रिंगांच्या जोरावर मागे राहतो आणि हवा पुढच्या कप्प्यात येऊ देतो. कप्प्यातला दाब ठरलेल्या पातळीला पोहोचला, की तोच दाब दट्ट्याला ढकलतो आणि त्याच्या टोकावरची प्लास्टिकची सीट हवेच्या तोंडावर घट्ट टेकते. शॉट सुटला की दाब पडतो, तोंड उघडते, कप्पा भरतो, तोंड पुन्हा बंद होते. ती सीट पूर्ण टेकली नाही, तर बंद झाल्यानंतरही हवा आत झिरपत राहते. पाऊण मिनिटात झिरपलेली हवा नगण्य असते, पाच मिनिटांत झिरपलेली नसते. हवा रायफलच्या बाहेर जात नसल्यामुळे फुसफुस ऐकू येत नाही, आणि सिलिंडरवरचा काटा सिलिंडरचाच दाब दाखवतो, रेग्युलेटरच्या पुढचा नाही. (दाब फारच चढला, तर उलट वेग कमी होतो, कारण हॅमरच्या ठोक्याला छर्‍यामागे हवा सोडणारा व्हॉल्व्ह पुरेसा उघडता येत नाही, त्यामुळे हा दोष प्रत्येक रायफलमध्ये शॉट वरच नेईल असे नाही.)

मग मला प्रशिक्षकांचे एक वाक्य आठवले: सरावात थोडे, स्पर्धेत जास्त. मी तिला विचारले, की सरावाच्या वेळी सिलिंडर किती भरलेला असतो. ती म्हणाली, की सरावात अर्ध्यावर आला तरी चालवते, स्पर्धेला मात्र काठोकाठ भरून जाते. मी सिलिंडरचा दाब १०० बारपर्यंत उतरवून पाच मिनिटांची चाचणी पुन्हा घेतली. या वेळी वेग १८१ ऐवजी १७६ आला. मागचा दाब जितका जास्त, तितकी त्याच फटीतून जास्त हवा झिरपणार, हे सरळ आहे. पण त्या सरळ गोष्टीने मनावरच्या दडपणाचे हुबेहूब सोंग घेतले होते. स्पर्धेच्या दिवशी वाढणारा, विश्रांतीनंतर उमटणारा आणि सलग मारू लागले की नाहीसा होणारा दोष पाहून कोणीही मनाकडेच बोट दाखवले असते. त्यासाठी प्रशिक्षकांना दोष द्यावा असे मला वाटले नाही, आजही वाटत नाही.

त्यांनी पिशवीतून पात्रता फेरीची छापील पट्टी काढली. इलेक्ट्रॉनिक लक्ष्यावर प्रत्येक शॉटची जागा आणि वेळ नोंदली जाते. आम्ही तिघांनी पट्टी टेबलावर पसरून शॉटमधले अंतर मोजायला सुरुवात केली. तिची नेहमीची लय पन्नास सेकंदांच्या आसपासची होती. दोन मिनिटांहून मोठे खंड आठ होते आणि त्या आठांपैकी सात खंडांनंतरचा पहिला शॉट वर होता. आणखी एक गोष्ट त्या पट्टीत दिसली. वर गेलेल्या शॉटनंतर दोनदा तिने साइट खाली घेतली होती, त्यामुळे पुढचे दोन-तीन शॉट खाली उतरले होते आणि मग तिने साइट पुन्हा पूर्ववत केली होती. खंडाच्या वेळी ती हवा न सोडता ड्राय ट्रिगर ओढून मन स्थिर करत असे. त्या सवयीने खंड आणखी लांबत असे. जी सवय तिला सावरायला शिकवली होती, तीच दाब चढायला वेळ देत होती.

रेग्युलेटर उघडण्याचे काम घाईने करायचे नसते. सिलिंडर काढून बाजूला ठेवला, रायफल सुरक्षित दिशेला धरून कप्प्यात उरलेली हवा पूर्ण संपेपर्यंत रिकामे शॉट मारले आणि तरीही सैल करताना पहिला आटा अगदी हळू फिरवला. दाबाखाली असलेला रेग्युलेटर उघडणे म्हणजे हातावर आणि डोळ्यांवर संकट ओढवून घेणे आहे. आतल्या बशीसारख्या स्प्रिंग कुठली उपडी आणि कुठली उताणी होती, याचे चित्र काढून मगच त्या उचलल्या, कारण त्यांचा क्रम चुकला तर ठरलेला दाबच बदलतो.

दट्ट्या हातात आल्यावर नुसत्या डोळ्यांना त्यात काहीच दिसले नाही. सीट पांढरट रंगाची, मसुराच्या दाण्याहून लहान होती, आणि तिच्यावर हवेच्या तोंडाच्या कडेने उमटवलेले गोल वळ होते, जे असायलाच हवे. दहापट मोठे दाखवणाऱ्या भिंगाखाली धरून ती हळूहळू फिरवत गेलो, तेव्हा एका जागी त्या वळाला आडवी छेदून जाणारी केसासारखी रेघ दिसली. रेघेच्या आतल्या टोकाशी धातूचा एक कण रुतून बसला होता. दिव्याच्या एका विशिष्ट कोनातच तो चमकत होता, भिंग जरा हलले की नाहीसा होत होता. सुईच्या टोकाने तो काढून काळ्या कागदावर ठेवला आणि तिला भिंग दिले. तिने बराच वेळ पाहिले.

कण आला कुठून, हे शोधल्याशिवाय नवी सीट घालण्यात अर्थ नव्हता. सिलिंडर ती रोज सराव संपल्यावर सैल करत असे, जे योग्यच आहे; पण आट्यांवर कापूस फिरवल्यावर त्यावर तशाच चकाकीची करडी भुकटी आली. आट्यांची एक कड घासली गेली होती आणि सिलिंडरची झाकणे पेटीत सुटी पडलेली होती, म्हणजे धूळही आत जात होती. आटे साफ केले, खरखरीत झालेली कड पाहता सिलिंडर उत्पादकाकडे तपासणीला पाठवायला सांगितले आणि तोपर्यंत तिचा दुसरा सिलिंडर वापरायचा ठरला.

जुनी सीट घासून गुळगुळीत करून पुन्हा वापरणारे लोक मी पाहिले आहेत. मला ते पटत नाही. घासलेल्या सीटची उंची बदलते, टेकण्याची पातळी तिरपी होते आणि दोष महिन्याभराने परत येतो. मी उत्पादकाच्या संचातली नवी सीट आणि त्याबरोबर रेग्युलेटरमधल्या सगळ्या ओ-रिंग, म्हणजे हवा अडवणारी रबरी कडी, बदलल्या. ओ-रिंगना सिलिकॉन ग्रीसचा बोटाला जेमतेम जाणवेल एवढाच थर दिला. उच्च दाबाच्या हवेच्या वाटेत खनिज तेल कधीही वापरायचे नसते, कारण दाबाने हवा एकदम तापली तर ते पेट घेऊ शकते.

जोडून झाल्यावर पहिल्या शॉटचा वेग १६८ आला. दाबाचा स्क्रू फिरवून तो लगेच १७२ वर आणण्याचा मोह होतो, पण नवी सीट हवेच्या तोंडाच्या कडेवर बसायला काही वेळ घेते आणि तोवर वेग थोडा सरकत राहतो. शंभरेक शॉट मारून रायफल रात्रभर दाबाखाली ठेवली. सकाळी वेग १७० होता आणि तिथे स्थिर राहिला, तेव्हा मी तो स्क्रूने १७२ वर नेला. मग भरलेल्या सिलिंडरवर दोन, पाच, दहा आणि वीस मिनिटे थांबून पहिला शॉट मोजला. १७२, १७२, १७३, १७३.

प्रशिक्षकांनी फोनवर विचारले, की एकूण किती गुण गेले असतील, ०.६ पेक्षा जास्त की कमी. मी तो आकडा द्यायचे नाकारले. जो शॉट मुळात जरा खाली सुटला असेल त्याला या दोषाने मदतही केली असणार, आणि साइट फिरवल्यामुळे बिघडलेले शॉट कोणत्या खात्यात धरायचे, हे कोणीच ठरवू शकत नाही. सात शॉटची यादी, त्यांच्याआधीचे खंड आणि माझे वेगाचे आकडे मात्र मी त्यांना लिहून दिले. त्यांनी ती यादी तिच्यासमोर वाचून दाखवली आणि श्वासाच्या व्यायामाबद्दल तिची माफी मागितली, हे तिने मला नंतर सांगितले.

संध्याकाळी ती रायफल न्यायला आली, तेव्हा चाचणी तिने स्वतःच करायची, असे मी सुचवले. तिने दहा शॉट मारले, रायफल स्टँडवर ठेवली आणि घड्याळाकडे पाहत दहा मिनिटे खुर्चीवर बसून राहिली. मग उठली, छर्रा भरला, नेम धरला आणि एकदा रायफल खाली घेऊन पुन्हा वर उचलली. पडद्यावर १०.४ उमटले. ठिपका उंचीला बरोबर मध्यावर आणि थोडा उजवीकडे होता.

"उजवीकडे गेलाय," ती म्हणाली. "हा माझा आहे." आणि तिने पुढचा छर्रा भरला.