नुरा कुस्तीत दगाफटका

सिन्नर-निफाडकडच्या जत्रेच्या फडात नुरा कुस्ती, म्हणजे निकाल आधीच ठरवून केलेली कुस्ती, फार वेळ लपत नाही. एकाने मान खेचली तरी दुसऱ्याचे पाय जागचे हलत नाहीत. कब्जा घेतलेला नुसताच वर बसून राहतो आणि धाप कुणालाच लागलेली नसते. कडेला बसलेले जुने पैलवान ओरडायला लागले की पंच कुस्ती सोडवून मोकळे होतात. टीव्हीवरच्या रेसलिंगला हीच मंडळी ‘सगळं ठरलेलं’ म्हणून हात झटकतात. ठरलेलं असतंच. पण सगळं ठरलेलं असताना ऐन आखाड्यात एकाने शब्द फिरवला, अशाही कुस्त्या झाल्यात, आणि त्या धंद्याच्या इतिहासातला खरा मसाला तिथेच आहे.

आधी ठरलेली कुस्ती चालते कशी ते बघा. शंभर किलोचा गडी डोक्यापर्यंत उचलला जातो तेव्हा निम्मं काम त्याचं स्वतःचं असतं. तो टाचा उचलून उडी घेतो, उचलणाऱ्याच्या मांडीवर हात रोवून वर सरकतो. पडताना हनुवटी छातीला लावतो, श्वास सोडतो आणि दोन्ही हात पसरून पाठीवर सपाट पडतो, म्हणजे मार सगळ्या अंगावर वाटला जातो. त्याने अंग मेल्यासारखं सैल सोडलं की उचलणाऱ्याचा डाव तिथेच संपतो. थोडक्यात, प्रत्येक जण आपली मान दुसऱ्याच्या हातात देऊन लढत असतो.

झिबिस्को हे नाव आपल्याकडे गामा पहिलवानामुळे माहीत आहे. 10 सप्टेंबर 1910 ला लंडनमध्ये हा पोलिश मल्ल अडीच तासांहून अधिक वेळ गामाखाली मॅटला चिकटून राहिला आणि पाठ लागू दिली नाही. 1928 मध्ये पतियाळात मात्र गामाने त्याला मिनिटाच्या आत चीत केलं. या दोन कुस्त्यांच्या मध्ये त्याने अमेरिकेत जे केलं, त्याची आपल्याकडे फारशी चर्चा होत नाही.

जानेवारी 1925 मध्ये तिथल्या कुस्तीच्या धंद्यातल्या सर्वांत वजनदार टोळीने, म्हणजे जगज्जेता मल्ल एड ‘स्ट्रँगलर’ लुईस, त्याचा मॅनेजर बिली सँडो आणि टूट्स माँट यांनी, वेन मन नावाच्या साडेसहा फुटी अमेरिकन फुटबॉलपटूला लुईसवर ‘जिंकवून’ जगज्जेता केला. मनला कुस्ती जेमतेम येत होती. पण गर्दी खेचायची, पैसा करायचा आणि मग लुईसने जगज्जेतेपदाची गादी परत घ्यायची, असा हिशेब होता. मनचा दबदबा वाढावा म्हणून 15 एप्रिलला फिलाडेल्फियात झिबिस्कोने त्याच्याकडून हरायचं ठरलं. पंचेचाळिशीच्या आसपासचा झिबिस्को तोवर विरोधी गोटाला, म्हणजे जो स्टेचर नावाच्या मल्लाच्या माणसांना, जाऊन मिळाला होता. त्याने मनला लागोपाठ दोनदा खरोखरचं चीत केलं. मनकडे उत्तरच नव्हतं. 30 मे रोजी झिबिस्को सेंट लुईसमध्ये स्टेचरकडून ठरल्याप्रमाणे हरला आणि गादी त्या गोटात गेली. गंमत म्हणजे त्याच दिवशी इंडियानातल्या मिशिगन सिटीत लुईसने मनला हरवून स्वतःलाच जगज्जेता म्हणवून घेतलं. एका दिवसात दोन जगज्जेते! गादीवर न लढणारा माणूस बसवू नये, हे त्या टोळीला कळायला हवं होतं. नुरा लढायलाही खरा पैलवान लागतो.

जपानमधला दगा जास्त ओंगळ होता. 22 डिसेंबर 1954, टोकियो. पूर्वी सुमो लढणारा रिकिडोझान विरुद्ध जुडोचा बादशहा मासाहिको किमुरा. कुस्ती बरोबरीत सोडायचा करार होता, असं किमुराने पुढे सांगितलं. पंधरा मिनिटांच्या सुमारास रिकिडोझानने अचानक उघड्या तळव्याचे खरे फटके मानेवर आणि तोंडावर मारायला सुरुवात केली. हातच सैल सोडलेले असल्याने किमुरा सावरूच शकला नाही, मॅटवर निपचित पडला. किमुरानेच आधी जांघेत लाथ मारली, असं रिकिडोझानचं म्हणणं. चित्रफीत उपलब्ध आहे. बघताना किमुराच्या हातांकडे लक्ष ठेवा. पहिल्या फटक्यांनंतरही ते बचावाला वर येत नाहीत.

याच किमुराच्या नावाने ओळखली जाणारी पकड 1976 मध्ये कराचीत दिसली. रिकिडोझानचा चेला अँटोनियो इनोकी आणि गामाचा पुतण्या अक्रम पहिलवान 12 डिसेंबरला भिडले. दिखाऊ असायची ती लढत पुरती खरी झाली. तिसऱ्या फेरीत इनोकीने अक्रमचा हात गुंतवला. पकड अशी: समोरच्याचं उजवं मनगट आपल्या डाव्या हातात घ्यायचं, आपला उजवा हात त्याच्या दंडावरून आत घालून स्वतःचंच डावं मनगट धरायचं, त्याचं कोपर काटकोनात ठेवून मनगट त्याच्या पाठीकडे फिरवायचं. सगळा ताण खांद्याच्या सांध्यावर येतो, तिथे दंडाची ताकद कामाला येत नाही. सुटायचं तर फिरवणं सुरू व्हायच्या आत स्वतःच्या जांघियाला घट्ट पकडावं लागतं. मातीतल्या कुस्तीत निकाल पाठ लागण्यावर असतो, सांधा पिरगळून शरण आणण्यावर नाही. त्यामुळे अक्रमला अशा पकडीचा सराव असायचं कारणच नव्हतं. त्याने हार कबूल केली नाही आणि हात निकामी झाला. 1979 मध्ये लाहोरला त्याचा तरुण पुतण्या झारा इनोकीशी पाच फेऱ्या लढला. कुस्ती बरोबरीत सुटली आणि इनोकीने स्वतःच झाराचा हात वर केला.

पुढे दग्याचाही दर्जा घसरला. 25 नोव्हेंबर 1985 ला न्यूयॉर्कमध्ये तेव्हाची विजेती वेंडी रिक्टर हिच्यासमोर मुखवटा घालून ‘स्पायडर लेडी’ उतरली. ती होती जुनी विजेती मूला. रिक्टरचा खांदा वर असतानाही पंचाने तीन मोजून तिला हरलेली ठरवलं. 9 नोव्हेंबर 1997 ला माँट्रियलमध्ये तेव्हाचा विजेता ब्रेट हार्ट याच्या वेळी तर मोजायचीही गरज पडली नाही. शॉन मायकल्सने त्याच्या पायांना पकड घातली होती, हार्टने हार मानली नव्हती, आणि रिंगबाहेर उभ्या कुस्ती कंपनीच्या मालकाने, विन्स मॅकमहॉनने, घंटा वाजवायला लावली.